पुढून हैदराबाद, मागून लोहारा

शुद्धलेखन माझं कच्चं आहे, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे चौथीनंतर मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. अक्षर तर असं आहे की माझी मुलगी म्हणते, "अम्मी, तू चालत्या जीपमध्ये बसून लिहितेस का?" ही वही कुणी वाचणार नाही, तरी लिहायला बसलं की न विचारता कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. म्हणून उंबऱ्यावर थांबून एवढं सांगितलं.

घरी आम्ही दखनी बोलतो. शाळा मात्र माहेरी, ईट गावात, मराठी होती. त्यामुळे लिहायचं म्हटलं की हात मराठीतच चालतो. माणसं जे बोलली ते जमेल तसं मराठीत उतरवते.

मला आमच्या कोठीबद्दल, म्हणजे जुन्या वाड्याबद्दल, लिहायचं आहे, आणि हसू आवरून लिहायचं आहे. ते जमेलसं वाटत नाही.

लोहाऱ्याच्या रस्त्याने आलं की काळ्या रानात, तुरीच्या पट्ट्यापलीकडे, एकदम पाच कमानी दिसतात. चुन्याच्या, पांढऱ्या, वर वेलबुट्टी काढलेली आणि एका टोकाला छोटा मनोरा. नवीन माणूस जीपमधून मान बाहेर काढतो आणि विचारतो, "इथं दर्गा हाय का हो?" तेवढ्यात जीप वळते आणि बाजू दिसते. बाजूला साधी दगडमातीची भिंत, वर माळवद. माळवद म्हणजे सागाच्या तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती दाबून केलेलं सपाट छत, पूर्वी आमच्याकडे सगळ्या घरांना असायचं तसं. माझे सासरे म्हणतात, पुढून हैदराबाद, मागून लोहारा.

याला कारण त्यांचे आजोबा. ते निजामाच्या राजवटीत इथल्या महसुलाचं काम बघायचे. कामासाठी हैदराबादला गेले, तिथल्या कोठ्या बघितल्या आणि वेडे होऊन परत आले. तशीच कोठी पाहिजे! गवंडी होता गावचा. त्याने हैदराबाद बघितलेलं नव्हतं. मग आजोबा रोज सकाळी रानात उभे राहून हातवारे करायचे, इथे कमान, अशी, वर टोक असलेली, आणि गवंडी मान हलवून बांधायचा. जिथपर्यंत आजोबांचे हात पोचले तिथपर्यंत हैदराबाद झालं. मागची बाजू सांगायच्या आधीच त्यांची बदली झाली. गवंड्याने उरलेलं घर त्याला येत होतं तसं पूर्ण केलं.

जिन्याची गंमत तर याहून मोठी. दिवाणखान्याच्या मधोमध रुंद दगडी जिना पाहिजे, हे आजोबांनी सांगितलं होतं. वरचा मजला सांगायचा राहिला. त्यामुळे आमचा जिना मोठ्या दिमाखात वर जातो, डावीकडे वळतो, आणि भिंतीला जाऊन थांबतो. गवंड्याने त्या भिंतीवर दरवाज्याचं चित्र मात्र काढून ठेवलं आहे, कडीकोयंड्यासकट. कुणाचं मन दुखायला नको म्हणून असेल.

मी नवरी होऊन आले तेव्हा जीपमधून त्या कमानी बघितल्या. एवढ्या घराला झाडू मारायला सकाळी किती वाजता उठावं लागेल, एवढाच विचार डोक्यात आला. सासूने माझा हात धरला आणि आत नेलं. मोठा दरवाजा. दिवाणखाना. दोन्ही बाजूंना सागाचे कोरीव खांब, प्रत्येकाच्या पायाशी कमळ कोरलेला दगडी तळखडा. मला वाटलं आता इथेच कुठेतरी बसवतील. पण सासू चालतच राहिली. दिवाणखान्यातून मागच्या दाराने अंगणात, आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये.

"ये दुल्हन," ती म्हणाली, "घर आलं."

मी मागे वळून कोठीकडे बघितलं. "मग ते?"

"ते घर नव्हं. ते नुसतं हाय."

झालं होतं असं, की त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्या भागात दगडाखाली झोपायला कुणाची छाती होत नव्हती. कोठीचं खरं तर फार काही गेलं नव्हतं. दुसऱ्या टोकाचा मनोरा पडला आणि मागचा एक कोपरा ढासळला. पण सासरे त्या पहाटे सासूला आणि तान्ह्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, घेऊन बाहेर पळाले, ते रात्रीचे परत आत गेलेच नाहीत. अंगणात पत्रे ठोकले आणि संसार तिथे मांडला. धान्य कोठीत, पाहुणे कोठीत, ईदची पंगत कोठीत. पण दिवस मावळला की सगळे अंगणात, पत्र्याखाली. एवढी मोठी कोठी समोर आणि आम्ही सगळे पाय दुमडून झोपायचो. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये भाकरी ठेवली असती तर चुलीशिवाय भाजून निघाली असती.

मी फार लाजरी आहे. किती, ते सांगते. माझा नवरा लोहाऱ्याच्या रस्त्यावर वडाप जीप चालवतो, गावोगावचे प्रवासी भरून नेणारी. त्याच्याच जीपमध्ये मी मागे बसलेली असते, आणि आमचं वळण आलं तरी परक्या माणसांसमोर मला "थांबवा" म्हणता येत नाही. दोनदा तो मला तशीच पुढच्या गावापर्यंत घेऊन गेला. आरशात बघून हसत होता.

म्हणून कोठीतला जनाना, म्हणजे बायकांची पडद्याची खोली, सापडला तेव्हा मला काय झालं असेल बघा. दिवाणखान्याच्या डाव्या भिंतीमागे लांबट खोली आहे. भिंतीला वरच्या बाजूला दगडी जाळी. आतून पुढचं सगळं दिसतं, पुढून आतलं काही दिसत नाही. आणि जाळीच्या खाली भिंतीतच बसवलेलं एक उभं लाकडी पिंप आहे, एका बाजूने उघडं, आत दोन फळ्या. ते खुंटीवर फिरतं. घरात त्याला चक्कर म्हणतात. आतल्या बाजूने फळीवर चहा ठेवायचा, पिंप फिरवायचं, की चहा दिवाणखान्यात. बदलीनंतर आजोबा सुट्टीवर आले की त्यांचे हैदराबादचे पाहुणे यायचे आणि आजी अशी होती की तिला बांगडीचा आवाजसुद्धा परक्याच्या कानावर जायला नको असायचा. तिच्यासाठी गावच्या सुताराने केलेलं ते. मी पिंपाला हात लावला, करकर आवाज आला, आणि मला वाटलं कुणीतरी माझं माप घेऊन घर शिवलं आहे.

त्या दिवसापासून पाहुणे आले की मी जनान्यात. सासू पुढे बसून म्हणायची, "आमची सून लई चांगली हाय, पण ती बघायला भिंत फोडावी लागते."

सगळं असं चाललेलं असताना सासऱ्यांनी खांब विकले.

सासरे एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना करमत नव्हतं. जुन्या लाकडाचा एक व्यापारी सोलापूरकडून आला. त्याने दिवाणखान्यात फिरून एकेका खांबावर बोटाने टकटक केलं आणि कान लावला.

"चाचा, असलं सागवान आता जंगलात बी न्हाय. मोठे हॉटेलवाले मागतात. जुन्या खांबाला टेकून जेवायचे लोकं पैसे देतात."

"आमी बी टेकूनच जेवतो," सासू म्हणाली. "आमाला कोण देत न्हाय."

सासऱ्यांचा हिशेब सरळ होता. भिंती एवढ्या जाड आहेत की त्यात बैल झोपेल. घर भिंतींवर उभं आहे. खांब म्हणजे आजोबांचा शौक, कमानींसारखाच. शौक विकायचा, घर ठेवायचं. लोहाऱ्याला जाऊन स्टॅम्पावर कागद झाला, इसार म्हणून मोठी रक्कम हातात आली, आणि सासऱ्यांनी त्या पैशाचं काय केलं? शेड नवीन केलं! निळे पत्रे, खाली फरशी, आणि एक कूलर. एवढा मोठा कूलर की तो चालू केला की सासूचा पदर उडून कोठीच्या दाराला लागायचा. खोटं कशाला बोलू, आम्ही सगळे आठवडाभर त्याच्यासमोर रांगेत बसून होतो.

मग व्यापारी सुताराला घेऊन मापं घ्यायला आला. सुताराने खांबांवर खडूने खुणा करायला सुरुवात केली. सासूने सहज विचारलं, "खांब काढल्यावर त्याच्या जागी काय लावणार?"

"काय लावायचं चाची? वर काही राहतच न्हाय," सुतार म्हणाला.

"म्हणजे?"

"अवो, माळवद खांबावर बसलंय. भिंती नुसत्या आडोशाला. आधी माती उतरवायची, मग तुळया, मग खांब. भिंती राहतील उभ्या, बघायला."

मी जाळीमागून बघत होते. सासरे हळूच खांबाकडे गेले, वर बघितलं. तुळई खांबावर होती. भिंतीपासून ती वीतभर दूर होती.

"मग भूकंपात..." ते म्हणाले.

"ह्यांनीच धरलं की चाचा. न्हायतर तुमी आज हिशेबाला कुठून राहिला असता?"

सासरे जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. ज्या घराच्या भीतीने इतकी वर्षं अंगणात काढली, त्याच्याच खांबांनी वाचवलं होतं, आणि तेच खांब ते विकून बसले होते. बाहेर कूलर घरघरत होता. सासूने पदर खोचला.

"वा! महाल विकला आणि पंखा घेतला. आता आजोबाला बी त्याच्यापुढं बसवा, गार वाटंल त्यांला."

सासऱ्यांनी व्यापाऱ्याला सांगितलं, सौदा मोडू, इसार परत घ्या. व्यापारी वाईट माणूस नव्हता, पण त्यानेही पुढे शब्द दिलेला होता. तो म्हणाला, "मिरगाच्या आत सगळी रक्कम एकदम द्या, लोहाऱ्यात, कागद झाला त्याच टेबलावर. कागद फाडतो. एक रुपया जरी कमी असला तरी मिरग लागायच्या आधी माझी माणसं माळवदावर चढणार. पावसात माती उतरवता येत न्हाय चाचा, माझा बी नाईलाज हाय."

त्या दिवशी सासरे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नुसते खांबांमधून येरझाऱ्या घालत राहिले, गाडीत तिकीट काढत फिरावं तसे. मला त्यांचं वाईट वाटत होतं, आणि लपवून काय ठेवू, माझ्या जनान्याचंही वाटत होतं. माळवद गेलं की जाळी कुणापासून काय लपवणार?

पुढचं सगळं एका पंक्चर झालेल्या गाडीमुळे झालं. धाराशिवचा एक फोटोवाला लग्न ठरलेल्या एका जोडीला घेऊन किल्ल्याकडे निघाला होता, लग्नाआधीचे फोटो काढायला. वाटेत गाडी बसली. माझ्या नवऱ्याने तिघांना जीपमध्ये घेतलं. मुलगी जमिनीवर लोळणाऱ्या गुलाबी झग्यात, कांद्याच्या पोत्यावर बसलेली. आमच्या कमानी दिसल्या आणि ती किंचाळली, "थांबवा!" मी असते तर तशीच पुढच्या गावाला गेले असते.

ते आत आले आणि त्यांना वेडच लागलं. कमानीत उभे, तळखड्यावर बसलेले, जिन्यावर धावत. मुलाने मुलीला उचललं आणि जिना चढला. वळण घेतलं. समोर भिंत, भिंतीवर दरवाज्याचं चित्र. तो तिला हातात घेऊन धापा टाकत तसाच उभा.

"आता?" त्याने वरून विचारलं.

"आता उतरा," सासरे खालून म्हणाले. "शेवटचा स्टॉप."

त्या घरात किती दिवसांनी कुणी हसलं ते! मी चहा केला, चक्करवर कप ठेवले आणि फिरवलं. करकर करत भिंत फिरली. मुलगी मागे सरकली ती फोटोवाल्याच्या पायावरच.

"भिंतीतून चहा आला!"

मला हसू फुटलं. जाळीतून ते बाहेर गेलं.

"कोण आहे आत?" ती घाबरून म्हणाली.

आणि मी, जिला नवऱ्याच्या जीपमध्ये थांबवा म्हणता येत नाही ती मी, म्हणाले, "साखर कमी वाटली तर सांगा."

ते कप घेऊन जाळीखाली येऊन बसले आणि विचारायला लागले. हे कुणी बांधलं? जिना असा का? एकदा सुरुवात झाली मग मी थांबलेच नाही. आजोबा, त्यांचे हातवारे, बदली, आजीची बांगडी, सगळं. दिसत नसलं की बोलणं किती सोपं असतं! सासूने आतून माझ्या दंडाला चिमटा काढला.

"बस की आता, चहा थंड झाला त्यांचा."

"होऊ द्या चाची," बाहेरून मुलगी ओरडली. "पुढं सांगा, बदली झाल्यावर काय झालं?"

जाताना फोटोवाल्याने चक्करवर पैसे ठेवले आणि फिरवलं. सासूने ते बघितले, मग सासऱ्यांकडे बघितलं, मग खांबांकडे. माझ्यासकट तिघांच्याही डोक्यात एकच आलं असणार, इसार असा फिटेल का?

त्याने भिंतीतल्या चहाचा व्हिडिओ टाकला. पुढच्या आठवड्यात दोन गाड्या आल्या. मग रोज. लग्नसराई होती ना. गुलाबी झगे, हिरवे झगे, नवरदेव पगडी घालून, काळा चष्मा लावून. कुणी घोडा आणला, त्याने आमच्या तुरीचं भुसकट खाल्लं. कुणी रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवल्या. सासूला वाटलं आग लागली, तिने हंडाभर पाणी नेऊन नवरदेवाच्या अंगावर ओतलं. तोच फोटो म्हणे सगळ्यांत चांगला आला. एकाचा उडता कॅमेरा माळवदावर जाऊन पडला. बूट घालून वर चढायला सासू कुणाला देईना. "माती हाय ती, सडक नव्हं," म्हणाली. शेवटी तीच शिडी लावून चढली आणि कॅमेरा ओच्यात घालून खाली आली.

सासऱ्यांनी तर दिवाणखान्याभर दोरी बांधली. दोरीच्या टोकाला घंटा. एक घंटा म्हणजे थांबा, पुढच्या जोडीची पाळी. दोन घंटा म्हणजे चला. "पुढं सरका, जिन्यात गर्दी करू नका, सुट्टे काढून ठेवा!" वर्षानुवर्षं घशात अडकून राहिलेला आवाज मोकळा झाला. एकदा एक नवरी लाडाने नवरदेवाच्या छातीवर डोकं ठेवून उभी होती, सासऱ्यांनी दोन घंटा मारल्या आणि दोघंही सवयीने दांडा पकडायला हात वर करून उभे राहिले. मी जाळीमागे तोंडात पदर कोंबून बसले होते.

मला दिवसातून कितीतरी वेळा तीच कहाणी सांगावी लागायची, पण कंटाळा यायचा नाही. प्रत्येक वेळी एखादी गोष्ट वाढायची. गवंड्याने पाचवी कमान थोडी ठेंगणी का बांधली याची तीन कारणं मी सांगितली आहेत. खरं कारण मला माहीत नाही. एकदा कुठल्यातरी वऱ्हाडातली एक बाई पुढची सगळी धमाल सोडून जनान्याच्या दाराशी आली. "इथं बसू का?" एवढंच म्हणाली. मी सरकून जागा दिली. आम्ही दोघी जाळीतून बाहेरचं बघत राहिलो, चहा प्यायलो, आणि ती निघून गेली. ती कोण, कुठली, काही विचारलं नाही. तिच्याकडून पैसे घ्यायला सासूचा हात गेला नाही.

मिरग जवळ आला तशा लग्नाच्या तारखा संपत आल्या. गाड्या कमी झाल्या. सासूने पिठाच्या डब्यातले पैसे मोजले, पुन्हा मोजले, आणि मान हलवली. पुरत नव्हते.

तेवढ्यात व्यापारी आला. दिवाणखान्यात शेवटची म्हणावी अशी एक जोडी होती आणि मी त्यांना आजोबांचं सांगत होते. तो गुपचूप खाली बसून सगळं ऐकत राहिला. जोडी गेल्यावर म्हणाला, "वहिनी, गोष्ट चांगली सांगता. ह्या गोष्टीसकट खांबाची किंमत वाढली की. चाचा, मी आणखी पैसे देतो. लागलं तर आणखी एक कूलर घ्या."

सासऱ्यांचा हात घंटेच्या दोरीवर होता, ते नुसतेच ती चाचपत होते. ते थकले होते, आणि थकलेला माणूस हो म्हणतो.

सासऱ्यांशी मी कधी मोठ्याने बोललेले नाही, परक्यासमोर तर नाहीच. पण मध्ये भिंत होती.

"अब्बा," मी म्हणाले, "शेड विकू."

सगळ्यांनी जाळीकडे बघितलं.

"पत्रे नवीन हाईत. कूलर नवीन हाय. विकू."

"आणि झोपायचं कुठं?" सासऱ्यांनी विचारलं.

"घरात."

मग सासू हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्याने, मग पदर डोळ्याला लावून, खांबाला धरून. "घरात म्हणते! अहो, आपल्याला घर हाय! इतक्या वर्षांनी एकीला तरी दिसलं!"

सासरेही हसले. व्यापारी उठला. "पत्रे मी घेत न्हाय," तो म्हणाला, पण त्याच्याही चेहऱ्यावर हसू होतं. "मिरगाच्या आत, चाचा. शब्द तोच."

पत्रे बेंबळी गावाला गेले, सासूच्या बहिणीने विकत घेतले. तिथे आता शेळ्या त्यांच्याखाली बसतात, फरशीशिवाय. कूलर फोटोवाल्याने रोख पैसे देऊन नेला. अंगण उघडं पडलं तेव्हा लक्षात आलं की मागच्या बाजूनेही कोठी बघण्यासारखी आहे. इतकी वर्षं आमचं शेडच आड येत होतं.

सासऱ्यांनी आपली खाट दिवाणखान्यात दोन खांबांच्या मध्ये टाकली. चपला घालूनच झोपले, उशाशी बॅटरी, आणि एक हात खांबावर. सासू म्हणाली, "निकाह लावला का त्याच्याशी?" सकाळी उठून ते म्हणाले, गार होतं. कूलरपेक्षा गार. तिला त्याचा इतका राग आला की तिने चहात साखरच घातली नाही.

मग डब्यातली रक्कम पुरी झाली आणि मिरगाच्या आत एक दिवस आम्ही सगळे लोहाऱ्याला निघालो, नवऱ्याच्याच जीपमध्ये. नेहमीच्या प्रवाशांना खाली कसं ठेवणार, म्हणून तेही होते. सासूच्या कमरेला बटवा आणि बटव्यावर तिचे दोन्ही हात, लेकरू असल्यासारखे. शेजारची बाई म्हणाली, "पोट दुखतंय का?" सासू म्हणाली, "आज मोकळं व्हनार हाय."

स्टॅम्पवाल्याच्या टेबलाशी व्यापारी येऊन बसलेला होता. सासूने बटवा उलटा केला. व्यापारी नोटा मोजायला लागला तर त्याची बोटं पांढरी झाली.

"चाची, ह्यांला पीठ लागलंय."

"भाकरी करून खावा."

त्याने एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग एक नोट बाजूला काढली. मधोमध फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. "ही चालत न्हाय."

स्टॅम्पवाला वर बघायला लागला. सासू सासऱ्यांकडे बघायला लागली. सासऱ्यांनी खिसे चाचपले, टोपी काढून बघितली. आणि मग त्यांना हसू आवरेना.

"जिंदगीभर मी हेच केलं," ते म्हणाले. "फाटकी नोट दिसली की म्हणायचो, ही चालत न्हाय, दुसरी काढा. कित्येक लोकांना गाडीतून उतरवलं. आता बघ!"

"मग तुमीच सांगा चाचा, घेऊ का?"

"अजिबात घेऊ नका. नियम तो नियम."

"तुमचा नियम घाला चुलीत!" सासू म्हणाली.

माझा नवरा बाहेर गेला. जीपमध्ये परतीचे प्रवासी भरत होते. त्याने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा निघायच्या आधी भाडं गोळा केलं. एक म्हातारा भांडायला लागला, पोचवल्याशिवाय पैसे कसले मागतो म्हणून. त्याला समजावून नवरा परत आला आणि सुट्ट्या नोटा टेबलावर ठेवल्या. व्यापाऱ्याने त्याही मोजल्या. फाटकी नोट सासूच्या हातात परत दिली. कागद उचलला, आडवा फाडला, उभा फाडला.

"झालं," तो म्हणाला. "इसार फिटला."

"पूर्ण?" सासऱ्यांनी विचारलं.

"पूर्ण, चाचा. एक रुपया न्हाय राहिला."